नगरचा किल्ला आणि नगरचा मुलूख



अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्याचें नांव निघालें कीं १९४२ ते १९४५ या काळांत तेथें स्थानबद्ध असलेले पंडित नेहरू व मौलाना आझाद आठवतात. नाहीं तर चांदबिबी आठवते. चांदबिबीची कथा जेथें संपते, तेथून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांविषयीं आज बोलावयाचें आहे. परकी फौज राजधानींत बसली म्हणजे मुलूख तिचा होतो काय, या प्रश्नाचें उत्तर त्या वर्षांत सांपडतें.

१६०० सालच्या ऑगस्टांत मोंगलांनीं किल्ला घेतला. तटाला सुरुंग लागले हें खरें; परंतु त्यापूर्वींच आंत फूट पडली होती. तहाचा विचार करणाऱ्या चांदबिबीस तिच्याच माणसांनीं फितुरीचा आळ घेऊन ठार केलें. लहानग्या बहादुर निजामशहाची रवानगी कैदी म्हणून ग्वाल्हेरीस झाली. बादशाही दप्तरांत निजामशाही बुडाली.

दप्तराबाहेर ती बुडाली नव्हती. मलिक अंबरानें परांड्यास राजघराण्यांतील एका पुरुषास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें. दौलताबादेच्या बाजूस राजू दख्खनी स्वतंत्र होऊन बसला. दोघांच्याहि सरहद्दी नगरपासून थोड्याच कोसांवर येऊन भिडल्या. बुरुजावर चढून मोंगल किल्लेदारास जेवढें दिसे, त्याहून फारसें अधिक त्याच्या हुकमांत नव्हतें म्हटलें तरी अतिशयोक्ति थोडीच होईल. धान्य, दारूगोळा, कुमक, सारें बऱ्हाणपुराकडून घाट चढून यावयाचें. आणि वाटेवर मराठे बारगीर. ते समोरासमोर उभे राहत नसत. रसद तोडावी, वैरण जाळावी, छावणीला रात्रीं झोंप लागूं देऊं नये, हें त्यांचें युद्ध. दोनशे वर्षांनीं नेपोलियनच्या फौजांना स्पेनमध्यें हाच अनुभव आला: शहरें त्यांची, रस्ते दुसऱ्यांचे.

मग अशा प्रांतांत कुणब्याचें काय झालें असेल? त्याची हकीकत लिहून ठेवावयास कोणी दरबारी लेखक बसला नव्हता. तीन सत्तांचे स्वार ज्या रानांतून फिरतात, तेथें खळ्यावरची रास घरीं जाईल याची हमी कोण देणार? एकाला दिलेला सारा दुसरा मान्य करीलच असें नाहीं, आणि तिसऱ्याचे घोडे तर उभ्या पिकांतच शिरावयाचे.

अंबराच्या कर्तृत्वाविषयीं मला आदर आहे. तरीहि शत्रु राजधानींत बसला असतां अंबर व राजू यांनीं एकमेकांशीं झुंजण्यांत सात वर्षें घालविलीं, हें मला चांदबिबीच्या खुनाइतकेंच दुःखद वाटतें. नांदेडजवळ मोंगलांकडून मार खाल्ल्यावर अंबरानें खानखानानाशीं तह केला तो मुख्यतः राजूशीं लढावयास हात मोकळा राहावा म्हणून. मोंगलांच्या घरींहि धड नव्हतें, हें दख्खनचें नशीब. शहाजादा दानियाल १६०५ सालीं मद्यपानानें गेला. त्याच वर्षीं अकबर वारला. पुढें जहांगीर आपल्याच मुलाचें बंड मोडण्यांत गुंतला.

१६०७ सालीं अंबरानें राजूला पकडलें आणि जुन्नरास गादी नेली. १६१० सालीं खानखानान फौज घेऊन घाटावर आला. सरदारांचीं तोंडें चार दिशांना, माणसांना दाणा नाहीं, जनावरांना चारा नाहीं. मानहानीचा तह करून त्याला परत फिरावें लागलें. नगरचा किल्लेदार ख्वाजा बेग मिर्झा हिमतीनें लढला, पण कुमक न आल्यामुळें त्यानें किल्ला अंबराच्या स्वाधीन केला. जहांगिरानें त्याच्यावर राग न धरतां उलट त्याची मनसब वाढविली. दोष कोणाचा, हें बादशहास ठाऊक असावें.

१६१७ सालीं शहाजादा खुर्रम यास किल्ला परत मिळाला. येथें ही कथा संपावयास हवी होती. पण १६२४ सालीं नगरपासून थोड्याच कोसांवर, भातवडीस, अंबरानें मोंगल व विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजी राजे अंबराच्या बाजूनें लढले. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. मोंगल सरदार खंजरखान रणांतून निसटला, नगरच्या किल्ल्यांत शिरला, आणि अंबराच्या वेढ्यांत पुन्हां दरवाजे लावून बसला.