अलकनंदा: दूरची सर्पिल दीर्घिका

मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं की पलीकडे जुन्नर तालुका. तिथल्या खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी चालवते पुण्याची एनसीआरए ही संस्था. तिथल्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एक सर्पिल दीर्घिका सापडली, मात्र जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांमध्ये. हा शोध 2025 साली प्रसिद्ध झाला. दीर्घिकेचं नाव अलकनंदा.

तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे 12 अब्ज वर्षं लागली. म्हणजे दिसते ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची अलकनंदा. व्यास सुमारे 30 हजार प्रकाशवर्षं, दोन्ही बाजूंना एकेक रेखीव बाहू, आणि वर्षाला साधारण साठ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडताहेत! इतक्या लवकर दीर्घिका ओबडधोबडच असणार, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास होता. आता हिशेब पुन्हा मांडायला हवा.

अलकनंदा साध्या डोळ्यांना दिसायची नाही. पण शहापूरकरांनो, 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका दिसते. नोव्हेंबरातल्या अवसेला, रात्री नऊच्या सुमारास, महामार्गाच्या दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेला उंचावर शर्मिष्ठेजवळ पाहा. पुसट ठिपका आहे. दुर्बीण असेल तर उत्तमच.