चढाचे गणित



ज्या गणितशिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या विषयाकडे मराठीच्या प्राध्यापकाने वळावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु तुलना हा आमच्याही शास्त्राचा प्रांत आहे. उपमेय आणि उपमान यांत साधारण धर्म नसेल तर उपमा उभी राहत नाही. मोठ्या प्रवासी जेट विमानांच्या उड्डाणाची तुलना करतानाही पहिला प्रश्न हाच असतो : साधारण धर्म कोणता?

चार इंजिनांचे विमान दोन इंजिनांच्या विमानापेक्षा जोमाने चढत असेल, असा आपला स्वाभाविक समज. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. विमानाचा चढ इंजिनांच्या संख्येवर नव्हे, तर रेट्यातून हवेचा अवरोध वजा जाऊन जे उरते, त्याचे वजनाशी प्रमाण काय, यावर ठरतो.

आता नियम पाहा. उड्डाणाच्या वेळी विशिष्ट निर्णयवेग ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडले, तरी विमानाने वर गेलेच पाहिजे. चाके आत घेतल्यानंतर अशा स्थितीत दोन इंजिनांच्या विमानाला किमान 2.4 टक्के, तर चार इंजिनांच्या विमानाला 3 टक्के चढ साधावा लागतो. म्हणजे हजार मीटर पुढे जाताना अनुक्रमे 24 आणि 30 मीटर उंची.

समजा, अवरोध वजनाच्या एकदशांश आहे. दोन इंजिनांच्या विमानात एकट्या इंजिनाचा रेटा वजनाच्या 12.4 टक्के हवा. म्हणून दोन्ही मिळून 24.8 टक्के. चार इंजिनांच्या विमानात उरलेल्या तिघांनी 13 टक्के दिले की पुरे. म्हणून चौघांचे मिळून सुमारे 17.3 टक्के. सारी इंजिने चालू असतील तेव्हा पहिल्याचा चढ 14.8 टक्के होतो, दुसऱ्याचा जेमतेम 7.3. ज्याचे अर्धे बळ एका क्षणात जाऊ शकते, त्याला दुप्पट शिदोरी बांधावी लागते, एवढेच याचे रहस्य.

एअरबसची ए-330 आणि ए-340 ही भावंडे याची साक्ष देतात. पंख जवळजवळ तेच. एकूण रेटाही साधारण सारखाच, 60 टनांच्या आसपास. मात्र ए-330-300 च्या नंतरच्या आवृत्तीचे उड्डाणवेळचे कमाल वजन सुमारे 233 टन, तर ए-340-300 चे सुमारे 275 टन. चार इंजिनांचे भावंड संथ चढते म्हणून वैमानिकांच्या थट्टेचा विषय झाले. पण ते असुरक्षित कधीच नव्हते.

केवळ डोळ्यांनी पाहून निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे. उन्हाळ्यात, किंवा आपल्या दख्खनसारख्या पठारावर, विरळ हवेमुळे धावपट्टी अधिक लागते आणि चढ घटतो. उलट विमान हलके आणि धावपट्टी लांब असेल, तर इंजिने झिजू नयेत म्हणून वैमानिक मुद्दामच कमी रेटा वापरतात. वजन, तापमान, उंची आणि रेटा समान धरल्याखेरीज तुलनेला अर्थ नाही.

विद्यार्थी मित्रहो, हा नियम विमानाला त्याच्या उत्तम दिवशी तोलत नाही. सर्वांत वाईट क्षणी तोलतो. शेकडो प्रवाशांना ज्याची जाणीवही नसते, तो राखीव रेटा त्या क्षणासाठीच असतो. माणसाच्या विद्येचीही परीक्षा अशाच घडीला होते. संथ चढणाऱ्याला दुबळा म्हणण्यापूर्वी त्याने किती भार उचलला आहे, हे विचारण्याची सवय या शाळेने आपल्याला लावली. ती जपावी, एवढीच विनंती.