बारा मैलांपलीकडचा जुगार
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यानंतर एखाद्या व्यावहारिक प्रश्नावर विचारविनिमय करावा, अशी आपल्या संस्थेची पद्धत आहे. मागच्या वाचनानंतर सभासदांच्या सहलीचा विषय निघाला आणि काही निवृत्त सभासदांनी मोठ्या प्रवासी जहाजाने जाण्याची सूचना केली. अशा जहाजावर कॅसिनो असतो, हे कळल्यावर एका विद्यार्थ्याने प्रश्न केला. पंचशीलात जुगाराचे नाव नाही, बावीस प्रतिज्ञांतही नाही, आणि समुद्रावर तो कायदेशीर आहे. मग चार डाव खेळले तर बिघडते कुठे? प्रश्न प्रामाणिक आहे. "जुगार वाईट" एवढे सांगून प्रश्नकर्त्याला खाली बसवणे सोपे असले तरी ती धम्माची रीत नव्हे. स्वतः पाहा, पारखून घ्या आणि मग स्वीकारा, ही आपली रीत. म्हणून आज आम्ही हा विषय पारखून पाहणार आहोत.

प्रथम कायद्याचे पाहू. भारताची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. जहाज त्यापलीकडे खुल्या समुद्रात गेले की ज्या देशाचा झेंडा त्यावर असेल त्या देशाचा कायदा मुख्यतः लागू होतो. म्हणूनच बंदर सुटून जहाज पुरेसे दूर गेल्याशिवाय बहुतेक जहाजांवरील कॅसिनो उघडत नाही आणि दुसरे बंदर जवळ आले की तो बंद होतो. तेच टेबल, तेच पत्ते, तोच माणूस. पाण्यावरील एक न दिसणारी रेषा ओलांडली की कालचा गुन्हा आजची करमणूक होते.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे जुगाराची जहाजे नांगरून ठेवीत. त्यांपैकी सांता मोनिकासमोरचे 'रेक्स' हे जहाज फार गाजले. लोकांना छोट्या होड्यांतून तेथे नेत असत. १९३९ मध्ये राज्याचे महाधिवक्ता अर्ल वॉरन यांनी या जहाजांवर कारवाई केली, तेव्हा 'रेक्स'वरील लोकांनी पाण्याच्या नळ्यांचे फवारे मारून अधिकाऱ्यांना दूर ठेवले. पुढे न्यायालयात वाद झाला तो मुख्यतः त्या उपसागराची हद्द कोठून मोजायची, यावर. शेवटी १९४८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अशा जहाजांविरुद्ध कायदा केला. हेच वॉरन पुढे सरन्यायाधीश झाले आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल त्यांच्याच न्यायपीठाने दिला, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्याकडे गोव्याने १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या जुगाराला आणि १९९६ मध्ये जहाजावरील टेबलांच्या खेळांना वाट करून दिली. आज पणजीला मांडवीच्या काठी उभे राहिले की दिव्यांनी लखलखणारी ही जहाजे दिसतात. नाव समुद्रातल्या कॅसिनोचे, पण ती नांगरलेली आहेत नदीत. याच गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत जाण्यास बंदी केली. याचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. जी वस्तू घरच्या माणसांना नको आणि पाहुण्यांना चालते, ती कशी आहे हे यजमानाला ठाऊक असते. महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता; तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.

संविधान सभेतही हा विषय आला होता. १९४९ मध्ये राज्यांच्या सूचीत 'पैजा आणि जुगार' ही नोंद नको, त्यामुळे जुगाराला मान्यता मिळेल, असा आक्षेप काही सदस्यांनी घेतला. त्यावर बाबासाहेबांनी खुलासा केला की, नोंद असली म्हणजे राज्याला जुगारावर बंदी घालण्याचाही अधिकार मिळतो. नोंद काढली तर तो विषय नाहीसा होत नाही, तो केंद्राकडे जातो. कायदा एखाद्या गोष्टीचे नाव घेतो म्हणजे तिला चांगली म्हणतो असे नाही. पुढे १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला.

तेव्हा कायदा जागा पाहून बदलतो. हिशेब मात्र जागा पाहून बदलत नाही. आम्ही बँकेतील कारकून. हिशेब हे आमचे रोजचे काम. म्हणून एक हिशेब आपल्यासमोर मांडतो.

जहाजावर रूलेट नावाचे चक्र असते. त्यावर १ ते ३६ आकडे असतात आणि शिवाय एक शून्य. अमेरिकी पद्धतीच्या चक्रावर दोन शून्ये असतात, म्हणजे एकूण ३८ घरे. आपण एका आकड्यावर ५०० रुपये लावले आणि तोच आकडा आला, तर पस्तीस पट रक्कम मिळते व लावलेले ५०० परत येतात. आता नशीब बाजूला ठेवू आणि सर्वच्या सर्व ३८ घरांवर ५०० रुपये लावू. भरणा झाला १९,००० रुपये. कोणता तरी एक आकडा येणारच. हाती येतात १८,०००. तूट १,००० रुपये, आणि ती प्रत्येक फेरीला ठरलेली. शेकडा सव्वापाच रुपये हा त्या चक्राचा हक्काचा वाटा. एकच शून्य असेल तर तो पावणेतीनच्या आसपास येतो. त्यासाठी कोणी लबाडी करावी लागत नाही. लबाडी नसते, हीच तर कॅसिनोची खरी ताकद.

मग लोक जिंकतात, ते खोटे काय? खोटे नाही. लाल किंवा काळा रंग असा सरळ डाव घेतला तर ३८ पैकी १८ घरे आपली असतात. सारख्या रकमेचे असे शंभर डाव खेळून उठणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे सव्वीस जण फायद्यात असतात. हेच सव्वीस जण घरी येऊन गोष्ट सांगतात. उरलेले जेवणाचे आणि समुद्राचे वर्णन करतात. पण प्रत्येकी हजार डाव झाले की फायद्यात असणारे शंभरात चार-पाचच राहतात. जिंकलेला माणूस पुन्हा जातो, कारण तो जिंकलेला असतो. हरलेला पुन्हा जातो, कारण तो हरलेला असतो. कॅसिनोला दोघेही हवेत.

काही हुशार माणसे म्हणतात, हरलो की रक्कम दुप्पट करावी, एकदा जिंकलो की सारे वसूल. तोही हिशेब करू. ५०० पासून दुप्पट करीत सात डाव हरलो तर ६३,५०० रुपये गेलेले असतात, आणि आठव्या डावाला ६४,००० लावायचे असतात, ते कशासाठी? पाचशे रुपयांच्या फायद्यासाठी. सलग सात वेळा हरण्याचा प्रसंग सुमारे नव्वदांतून एकदा येतो. शिवाय प्रत्येक टेबलाला कमाल रकमेची मर्यादा असते, तेव्हा आठवा डाव घेऊ देतीलच असे नाही.

जहाजावरचा कॅसिनो जमिनीवरच्यापेक्षा एका बाबतीत अधिक अवघड आहे. जमिनीवर माणूस बाहेर पडून घरी जाऊ शकतो. जहाजावर रात्र मोठी, जागा एकच, आणि खिशात नोटांऐवजी केबिनचे कार्ड. त्याच कार्डावर चहा, त्याच कार्डावर दुकान आणि बऱ्याच जहाजांवर त्याच कार्डावर जुगार. नोट मोजून देताना हाताला जो चटका बसतो, तो कार्डाने बसत नाही. शेवटच्या दिवशी बिल येते तेव्हा सारे एकदम कळते. पुष्कळ खेळणाऱ्यास पुढची सफर सवलतीत किंवा फुकट देऊ करतात. हे फुकट कोणाच्या पैशांतून दिले जाते, हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशात खेळले तर आणखी एक वाटेकरी असतो. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. एका दिवशी ५०,००० जिंकले आणि दुसऱ्या दिवशी ६०,००० हरले, तर माणूस १०,००० ने खाली असतो; तरी ५०,००० वर १५,००० रुपये कर देणे लागतोच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पंचशीलात जुगाराचे नाव नाही हे खरे आहे. पण भगवान बुद्धांनी राजगृहाजवळ सिगाल या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात जुगाराचे नाव स्पष्ट आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या उपदेशाला स्थान दिले. तेथे जुगार हे धननाशाचे एक द्वार म्हटले असून त्याचे सहा परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. असलेली संपत्ती डोळ्यांदेखत जाते. सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. मित्र व सहकारी त्याला कमी लेखतात. आणि संसार चालवू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही.

हे सहा परिणाम नीट पाहा. यात नरकाची भीती नाही, देवाचा कोप नाही. सारे याच जन्मातले, याच घरातले. आणि पहिलाच परिणाम जिंकणाऱ्याचा आहे! जगाने हरणाऱ्याची कीव केली. तथागतांनी जिंकणाऱ्यालाही सावध केले. कारण कॅसिनोत आलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घरातून आलेला असतो. तेव्हा शीलात नाव नाही म्हणून मोकळीक आहे असे नव्हे. शील व्यक्तीने ग्रहण करायचे असते. सिगालाचा उपदेश घर कसे चालवावे यासाठी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण घर चालवणारे आहेत.

कोणी म्हणेल, सिनेमाला पैसे देतो तसा हा करमणुकीचा खर्च समजावा. म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण सिनेमाच्या तिकिटावर किंमत आधी छापलेली असते. येथे किंमत खेळ संपल्यावर कळते, आणि खेळ कधी संपवायचा हे ठरवणे क्षणाक्षणाला अवघड होत जाते.

मित्रांनो, हे आम्ही एवढे आग्रहाने का सांगतो? गिरणगावात पगाराच्या दिवशी मटक्याच्या आकड्यावर किती पगार गेले, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तेव्हा जुगार चाळीच्या कोपऱ्यावर होता, म्हणून तो सर्वांना दिसत होता. आज तो गालिचावर, दिव्यांच्या झगमगाटात आहे, म्हणून तो प्रतिष्ठेचा वाटतो. आपल्यातील अनेक घरांत पेन्शन मिळणारी ही पहिलीच पिढी आहे. आपल्यामागे वडिलोपार्जित जमीनजुमला नाही. पगार हीच आपली जमीन आणि भविष्य निर्वाह निधी हेच आपले धान्याचे कणगे. दुसऱ्याचे पन्नास हजार गेले तर त्याचे शेत उरते. आपले गेले तर मुलीचे एक शैक्षणिक वर्ष जाते. बँकेच्या खिडकीवर आम्ही रोज पाहतो की, भरणा शंभर-दोनशेंनी होतो आणि उचल एकदम होते. पैसे कशासाठी काढता, हे विचारण्याचा कारकुनाला अधिकार नाही. तो प्रश्न घरातच विचारला गेला पाहिजे.

सहलीला कोणाचाही विरोध नसावा. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाने समुद्र पाहावा, नातवंडांसह चार दिवस आनंदात घालवावेत. सिगालाला सांगितलेल्या वाटणीत उपभोगालाही भाग आहे: मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि एक अडचणीच्या दिवसासाठी. सहल पहिल्या भागातून करावी. उरलेल्या तीन भागांना मात्र जहाजावर नेऊ नये.

त्यासाठी आमच्या तीन साध्या सूचना आहेत. सहलीचा एकूण खर्च पती-पत्नीने निघण्यापूर्वी कागदावर लिहावा आणि दोघांनीही तो वाचावा. केबिनचे खाते उघडताना कॅसिनोचा खर्च त्यावर टाकण्याची सोय बंद करता येते का, हे विचारून घ्यावे. आणि ज्यांना अशी सवय जडली आहे, त्यांची कुचेष्टा न करता संस्थेतील ज्येष्ठांनी त्यांच्याशी एकांतात बोलावे. कारण कर्ज लपवणारा माणूस कुचेष्टेने अधिकच लपतो.

विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर ३८ घरांचा तो हिशेब स्वतः मांडून पाहावा. आमच्यावर विश्वास ठेवू नये, आकड्यांवर ठेवावा. बारा मैलांवर देशाची हद्द संपते. पण केलेल्या कर्माचा आणि मांडलेल्या हिशेबाचा नियम तेथे संपत नाही.



जय भीम! जय भारत!