ताटातलं आणि पोटातलं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील भरारी' असं छापलंय. भरारी म्हणण्यासारखं फार काही नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, रात्री मिटते. त्यापेक्षा मला दहा मिनिटं अशा मुलांविषयी बोलायचंय, जी आज या मंडपात नाहीत आणि आपल्या हजेरीपटावरही कधी नव्हती. मान न धरणारी, चालता न येणारी, घास नीट न गिळता येणारी मुलं. बोलायचंय ते त्यांच्या जेवणाविषयी.

तुमच्यापैकी जे सुट्टीत आमच्या आगरात शहाळी प्यायला यायचे, त्यांना माझी धाकटी बहीण आठवत असेल. पडवीत गोधडीवर असायची. तिला सेरेब्रल पाल्सी होती. तेव्हा हा शब्द घरात कुणाला ठाऊक नव्हता, 'ती तशीच आहे' एवढंच म्हणायचे. आई तिला मांडीवर आडवी घेऊन पेज भरवायची. एका वाटीला तास लागायचा आणि त्यातली अर्धी वाटी ओठांतून परत बाहेर यायची. अकरा वर्षांची असताना ती न्यूमोनियाने गेली. तेव्हा तिचं वजन तेरा किलो होतं. आमच्या घरी अन्न कमी नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामं ताट येतं. या मुलांचं ताट भरलेलं असलं तरी पोट रिकामं राहू शकतं. जीभ घास मागे ढकलत नाही, जबडा मिटत नाही, मान मागे पडते. मान मागे पडली की अन्न श्वासनलिकेकडे घसरतं. ठसका लागतो. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही आणि अन्न गुपचूप फुप्फुसात जातं. मग वारंवार ताप, खोकला, न्यूमोनिया. त्यात बद्धकोष्ठ असलं की भूक मरते. आकडीची काही औषधं वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं ड जीवनसत्त्व घटतं. आणि ज्या घरात मुळातच हातावर पोट आहे, तिथे या सगळ्यावर गरिबीचा थर चढतो. युनिसेफने २०२१मध्ये जगभरची आकडेवारी मांडली. जगात सुमारे २४ कोटी मुलं अपंगत्वासह जगताहेत. इतर मुलांच्या तुलनेत त्यांची वाढ खुंटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी जास्त आहे आणि ती लुकडी राहण्याची २५ टक्क्यांनी.

गेली सहा वर्षं मी पुण्यात शनिवारी एका संस्थेत जाते. काम माझ्याच धंद्यातलं, मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीचं. त्यांच्या जुन्या फॉर्मवर उंचीचा रकाना सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. आता जे मूल उभंच राहू शकत नाही, ज्याचे गुडघे आखडलेत आणि पाठ वाकलीय, त्याची उंची कशी मोजणार? मग कुणी अंदाजाने आकडा टाकायचं, कुणी मुलाचं नावच पुढच्या महिन्यावर ढकलायचं. उंची चुकली की 'उंचीच्या मानाने वजन' हे गणितही चुकतं, आणि उपाशी मूल कागदावर ठीकठाक दिसतं.

यावर तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जे दाखवलं, ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलेल्या कुठल्याही सूत्रापेक्षा मला जास्त आवडतं. मुलाचा गुडघा काटकोनात धरायचा, टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, त्याला २.६९ने गुणायचं आणि २४.२ मिळवायचे. बारा वर्षांपर्यंतच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी हे सूत्र आहे. माप ३० भरलं, तर उंची साधारण १०५ सेंटिमीटर. आम्ही फॉर्मवर तेवढा एक रकाना वाढवला.

मापावरून एक आठवलं. आपल्या मुरुडच्या मुलाला मापावरून अडवल्याची गोष्ट आपण सगळे पाठ करून मोठे झालोय. महर्षी अण्णासाहेब कर्वे १८७५मध्ये परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत गेले, आणि चणीने लहान दिसतात म्हणून सतरा वर्षांचे नाहीत असं ठरवून त्यांना परत पाठवलं. दर वर्षी त्यांच्या जयंतीला आपण ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतो. मला ती हल्ली परीक्षकाची गोष्टही वाटते.

आता कायदा काय म्हणतो, तेही थोडं सांगते. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडीत ५०० उष्मांकांचा आहार ठरवला होता, कुपोषित असेल तर ८००चा. पुढे पहिली ते पाचवीपर्यंत शाळेत दुपारी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. चांगलं आहे. पण हे जेवण अंगणवाडीत आणि शाळेत शिजतं, तिथेच वाढलं जातं. जे मूल पाखाडीच्या पायऱ्या उतरून तिथे पोचतच नाही, त्याचं काय? तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी बसून शिकण्याचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने दिला. शिक्षक घरी येतील, तशी तरतूद आहे. खिचडी मात्र शाळेतच राहते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल काढला. त्यात लवकर ओळखणं आणि सामावून घेणं आहे. तो वाडीपर्यंत पोचवण्याचं काम शेवटी सेविकेच्याच डोक्यावर, आणि तिच्या डोक्यावर आधीच काय काय आहे ते इथल्या माहेरवाशिणींना मी सांगायला नको.

दिवाळीत आले होते तेव्हा इथल्याच दोन घरी गेले. नावं सांगत नाही. एका घरी आई हर्णैच्या बंदरावर मासळी निवडायला जाते. मुलाला भरवायला दर वेळी तास, दिवसातून तीनदा, म्हणजे तीन तास. तेवढ्यात तिचा रोज बुडतो. म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा. दुपारी आजी चहात बिस्किट बुडवून देते. आजीला दोष कोण देणार? तिचे हातच थरथरतात.

त्या घरात नाचणी होती, कुळीथ होते, सुकट होती, नारळ तर परसातच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बाजारातली डब्यातली पावडर आणायची काहीच गरज नव्हती. नाचणीची दाटसर आंबील, कुळथाचं पिठलं घालून मऊ भात, वर चमचाभर खोबरेल, सुकट भाजून, कुटून केलेली पूड. सगळं दाट हवं. पातळ पेज आपल्याला सोपी वाटते, पण अशा मुलाच्या घशात तीच चटकन चुकीच्या वाटेने जाते. कुणाला किती दाट हे मात्र तज्ज्ञाने मुलाला तपासून सांगायला हवं, माझ्या भाषणावरून नको.

आणि बसणं. कंबर काटकोनात, पावलांखाली आधार, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसलेलं. यासाठी लागते एक कोपऱ्याची खुर्ची, म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन फळ्यांची पाठ, खाली बैठक, पुढे छोटं मेज. तिला ना वीज लागते ना इंटरनेट. आपल्याकडचा कुठलाही सुतार फणसाच्या फळ्यांतून ती करील. फक्त ती त्या त्या मुलाच्या मापाची हवी, आणि मूल वाढलं की बदलायला हवी.

आता पैशांचं. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून दोन स्मार्ट बोर्ड घ्यायचं ठरतंय. मी सॉफ्टवेअरवाली असून सांगते, एकच घ्या. दुसऱ्याच्या पैशांत खुर्च्या होतील, वर्षातून चार वेळा थेरपिस्टला गावात आणता येईल, आणि दुपारी शाळेतून डबा घेऊन वाडीवर जाणाऱ्या, शांतपणे बसून भरवणाऱ्या एका बाईला मानधन देता येईल. काल रात्री व्हॉट्सअॅपवर कुणीतरी विचारलं, 'दोन-चार मुलांसाठी एवढा खर्च?' अण्णांनी परगावी कमावत्या मुरुडकरांकडून वर्गणी घेऊन 'मुरुड फंड' काढला होता, तेव्हाही असं विचारणारे असतील. मुलं दोन आहेत की दहा, हे अजून कुणी वाडीवाडीवर जाऊन मोजलेलंच नाही. ते आधी करू.

मी बुधवारपर्यंत गावात आहे. मापाची टेप माझ्याकडे आहे. उद्या सकाळी आठ वाजता दुर्गादेवीच्या देवळापासून निघते. बरोबर दोघं-तिघं आले तर दोन दिवसांत सगळ्या वाड्या होतील. चपला घालून या, सँडल नकोत, पायऱ्या निसरड्या आहेत.