शिक्षकाचा एक फोन

डेन्मार्कमधलं आरहूस शहर. २०१३ पर्यंत तिथले सुमारे ३० तरुण सीरियातल्या युद्धात गेले. पोलीस, शाळा आणि समाजकल्याण खातं तिथे आधीपासूनच एकत्र काम करायचे; तीच योजना त्यांनी सीरियाला जाऊ पाहणाऱ्यांसाठीही वापरली. शिक्षकाला किंवा आईला शंका आली, की योजनेच्या लोकांना एक फोन करायचा. मुलाला मार्गदर्शक मिळायचा. अभ्यास, नोकरी, एकटेपणा, सगळ्यावर तो बोलायचा; श्रद्धा सोडायला मात्र सांगायचा नाही. २०१४ मध्ये जाणारा एखाददुसराच उरला. सगळं श्रेय योजनेचं नसेलही.

आपल्याकडेही २०१४ मध्येच कल्याणचे चार तरुण घरी न सांगता अशाच युद्धासाठी इराकला गेले होते.

म्हणून मुलानं जुने मित्र एकदम तोडले, सारखी ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भाषा सुरू केली, आई खोलीत येताच मोबाइल पालथा टाकला, तर तो हिसकावू नका. मोबाइलवर व्हिडिओ कोण पाठवतं, ते विचारा आणि ऐकून घ्या. द्वेष कुठल्याही धर्माचा झेंडा घेऊन येतो, आपल्याही. आणि गुरुजनहो, वर्गात अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. उत्तर तो दुसरीकडे शोधेल. मदत हवी असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.