दोन ओळींचं धाडस



द्राक्ष बागायतदारांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल आभार. या खुर्चीत बसावं असं उत्पन्न माझ्या बागेनं सलग तीन वर्षं कधी दिलेलं नाही. निवड करताना नुकसानीचा अनुभव धरला असेल, तर मात्र तुमची निवड चुकलेली नाही.

ऑगस्ट महिना आहे. सटाणा-कळवणकडं अर्लीच्या छाटण्या उरकत आल्यात. बाकीचे आपण आभाळ, बाजार आणि शेजाऱ्याची बाग, तिन्हींकडं बघत गोडी छाटणीची तारीख ठरवतोय. आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा जुगार या तारखेत आहे. जुलै-ऑगस्टात छाटलं, तर माल डिसेंबर-जानेवारीत निघतो. बाजार रिकामा असतो, भाव मिळतो. पण फुलोरा सप्टेंबरच्या पावसात सापडतो, गळ-कूज होते, डाऊनी बघता बघता घडावर चढतो. ऑक्टोबरात छाटलं, तर फुलोरा बराचसा कोरड्यात निघतो. पण माल सगळ्यांच्या मालाबरोबर येतो आणि भाव व्यापारी म्हणेल तो. म्हणजे बिनधोक तारीख कुठलीच नाही. एक धोका आभाळात, दुसरा बाजारात.

काही वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या अर्ली मालाचा दर बघितला आणि पुढच्या हंगामात मी सहाच्या सहा एकर ऑगस्टात छाटले. ऐन फुलोऱ्यात आठ दिवस झड लागली. ट्रॅक्टर रुतला, फवारायला आत जाता येईना. जो थोडा माल वाचला, तो एका व्यापाऱ्यानं उचलला आणि पैसे बुडवून गेला. गावानं समजूत काढली, ‘धाडस केलं, नशिबानं साथ दिली नाही.’ तेव्हा ते ऐकून बरं वाटलं. आज सांगतो, त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता. मी दोन एकर छाटले असते, तर तोच पाऊस मला धडा देऊन गेला असता. सहा छाटले, म्हणून कर्ज देऊन गेला.

मला आज सांगायचंय ते एवढंच. धाडस करायचं की नाही, यावर आपण रात्र-रात्र बोलतो. केवढ्यावर करायचं, हे मात्र ठरवतच नाही.

आपल्याच वाणांचा इतिहास बघा. तास-ए-गणेश तासगाव भागात निवडला गेला, सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी पुढं आणला. दोन्ही थॉमसन सीडलेस या वाणातून निघालेले. हजार वेलींत वेगळी दिसलेली एखादी काडी कुणीतरी हेरली, खूण केली, कलमं बांधली, दोन-चार हंगाम पारखली. नंतर ती एकरांवर गेली. पुढं पाणी खारट झालं, जमिनी बिघडल्या, तेव्हा डॉगरिजच्या खुंटावर आपण कलम करू लागलो. तोही आधी थोड्यावर करून बघितलेलाच प्रयोग होता. ज्यांना आपण धाडसी म्हणतो, ते खरं तर फार बारीक नजरेचे आणि सबुरीचे लोक होते.

पण पारखूनही सगळं हाती येत नाही. २०१० चा हंगाम आठवा. वाढ रोखायला आणि घडनिर्मिती चांगली व्हायला आपण वर्षानुवर्षं लिहोसिन मारत होतो. त्यातल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडची तपासणी आपल्या निर्यातीच्या यादीत नव्हती. युरोपात ती झाली. तिथली मर्यादा तेव्हा ०.०५ पीपीएम होती. आपले कंटेनर अडकले, वर्षभराचा घाम परक्या बंदरात पडून राहिला. गारपीट, भुरी, डाऊनी हे ओळखीचे शत्रू. या शत्रूचं नाव कुणाच्याच वहीत नव्हतं.

असल्या संकटाचा अंदाज कुठलाच तज्ज्ञ देऊ शकत नाही. मग टिकायचं कशाच्या जोरावर? गाठीला राखलेल्या पैशाच्या आणि सोबतीच्या. त्या हंगामाची झळ सोसलेल्या विलास शिंद्यांनी मोहाडीला शेतकऱ्यांना जोडून ‘सह्याद्री’ ही जी शेतकऱ्यांची कंपनी उभी केली, तिच्या मुळाशी हाच विचार दिसतो. एकट्याच्या बागेला बसलेला दणका शंभरांत वाटला गेला, तर तो सोसता येतो.

इथं कुणी म्हणेल, ‘अध्यक्ष, तुमच्याकडं सहा एकर आहेत. माझ्या दीड एकरात मी काय वाटणी करू?’ प्रश्न रास्त आहे. दीड एकरवाल्यानं दोन ओळी घ्याव्यात. गावातल्या दहा जणांनी मिळून ठरवावं: तू दोन ओळी वीस दिवस आधी छाट, तू नवा वाण लाव, तू आच्छादनाखाली धर, तू संजीवक कमी करून बघ. हंगाम संपल्यावर दहा वह्या एकत्र उघडाव्यात. प्रत्येकाचं नुकसान दोन ओळींचं, शहाणपण मात्र वीस ओळींचं.

आणि थांबायची खूण छाटणीआधीच वहीत लिहा. किती घड गेले की खर्च बंद करायचा, तो आकडा डोकं थंड असताना ठरवलेला बरा. एकदा पैसा ओतला की प्रत्येक जण म्हणतो, ‘एवढं घातलंय, अजून एक फवारणी.’ त्या एकेका फवारणीनं कर्जबाजारी झालेली घरं आपण पाहिलीत.

आपल्या शिवारफेऱ्यांबद्दलही तक्रार आहे. आपण नेहमी लोंबते घड असलेल्या बागेतच जातो, फोटो काढतो, चहा पिऊन येतो. फसलेली बाग कुणी दाखवत नाही आणि आपण मागतही नाही. मग तीच चूक दुसऱ्या तालुक्यात पुन्हा विकत घेतली जाते. पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण सत्र फसलेल्या प्रयोगांसाठी ठेवा, अशी माझी सूचना आहे. पहिला बोलायला मी उभा राहीन, त्या सहा एकरांची वही घेऊन.

मित्रांनो, ऑक्टोबरात जो घड डोळ्यांना दिसतो, त्याची घडण मे-जूनमध्येच काडीच्या डोळ्यात झालेली असते. तेव्हा आभाळ भरलेलं राहिलं, तर घड जिरून त्याची बाळी होते, आणि ते आपल्याला चार-पाच महिन्यांनी कळतं. आपल्या धंद्यात निकाल असा उशिरा येतो. म्हणून उद्या घरी गेल्यावर एक करा. बांधाकडच्या दोन ओळींच्या खांबांना रंग लावा. त्या ओळी हातच्या गेल्या तरी चूल पेटती राहील, एवढं आधी बघा. मग त्यांत हवं ते करा.