मृगाचा किडा आणि भिजलेली ज्वारी

(वसतिगृह कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘लेकरासारखे मन’. अठ्ठावीस वर्षे आदिवासी मुलांच्या वसतिगृहांत काढली, तेव्हा यातले मला काही कळत असेल असे आपल्याला वाटले असावे. खरे सांगू का, मुलांच्या गराड्यात राहूनही माणूस आतून लाकूड होऊ शकतो. मी झालो होतो.

नवापूर तालुक्यातल्या एका वसतिगृहात मी तेव्हा अधीक्षक होतो. जूनचा तिसरा आठवडा. रात्री पहिला मोठा पाऊस झाला, कोठीचे पत्रे गळले आणि ज्वारीची दोन पोती भिजली. अनुदानाचा हिशेब पाठवायचा राहिलेला. त्यातच नव्याने आलेला सहा वर्षांचा एक मुलगा सहा दिवस कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. रात्री रडायचा, दिवसा भिंतीला टेकून बसायचा. त्याला घरी परत पाठवावे असे मी ठरवले होते. बापाला निरोपही धाडला होता. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली, तर हॉल रिकामा. मी छडी घेऊनच बाहेर पडलो.

मागच्या आवारात वीस-पंचवीस मुले चिखलात पालथी पडलेली. मी ओरडणार, तेवढ्यात तोच मुलगा आपल्या बोलीत काहीतरी किंचाळला. शेजारचा मोठा मुलगा म्हणाला, “सर, पाय नका देऊ म्हणतो.”

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर मृगाचा किडा होता. शेतावर वाढलेल्या प्रत्येकाने तो पाहिला असेल. लालभडक, मखमली. पहिल्या पावसानंतर थोडे दिवस जमिनीवर येतो आणि मग वर्षभर दिसत नाही. बोट लावले की पाय आखडून घेतो. लहानपणी नगर जिल्ह्यातल्या आमच्या शेतात मी ते धरून काड्यापेटीत ठेवत असे, आत ओली माती घालून. हे मी पार विसरलो होतो. दर जूनला तो त्या आवारात येत असणार, आणि दर जूनला पत्रे, पोती आणि पटसंख्या यांचा विचार करत मी त्याच्यावरून चालत गेलो असणार.

मार्काच्या शुभवर्तमानात, 10व्या अध्यायात, लोक लेकरांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. शिष्य काही वाईट नव्हते. कामात होते. प्रभूचा वेळ वाचवत होते, जसा आपण वाचवतो. ते पाहून येशूला राग आला, असे मार्क स्पष्ट लिहितो. राग आला तो जकातदारांचा नव्हे, पाप्यांचा नव्हे, तर त्याच्याच कामात गढलेल्या माणसांचा. हा उतारा मी कितीदा शिकवला होता! त्या सकाळी छडी माझ्या हातात होती.

कोणी म्हणेल, पौलाने तर आपला पोरपणा सोडून दिला. सोडावाच. रुसणे, खुर्चीसाठी भांडणे हा पोरपणा आपल्या समित्यांत अजून भरपूर आहे. तो सुटला नाही, आणि सोडायचे नव्हते ते मात्र आपण सोडून बसलो.

आणि हा आनंद दुःख न पाहिलेल्यांचा असतो, असे मला सांगू नका. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. मधला काळ कसा गेला ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. वाचताना डोळे भरून येतात आणि पुढच्याच पानावर हसू फुटते. बहुतेक वेळा बाई स्वतःलाच हसत असतात. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. बालकवी ठोंबरे काही काळ राहिले ते नगरला यांच्याच घरी, आणि त्या घरात पैसा कधी टिकत नसे. आपल्या मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. भूक काय असते हे या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरी चिखलात पालथी तीच पडली होती.

मी खाली बसलो. प्रार्थना त्या दिवशी मागच्या आवारातच झाली, अर्धा तास उशिरा. दोन दिवसांनी बाप आला, तेव्हा मुलाने त्याचा हात धरून त्याला तिथेच नेले. तो राहिला. पुढे सगळे छान झाले असे मात्र नाही. चौथीनंतर तोही ऊसतोडीला गेला आणि मला ते थांबवता आले नाही. आपल्या अहवालात तो गळती या रकान्यात आहे.

भिजलेली ज्वारी वाळवावी लागतेच. आम्ही ती त्याच दुपारी व्हरांड्यात पसरली. पण तेव्हापासून सकाळी हिशेबाच्या वहीला हात लावण्याआधी मी आवारात एक फेरी मारतो. कधी काही दिसते, कधी नुसता चिखल.

आता चहाची वेळ झाली आहे. पण त्या खिडकीतून, मोहाच्या झाडाखाली चार पोरे केव्हाची वाकून काहीतरी बघत आहेत. चहा थोडा थांबेल. चला, आधी तिकडे जाऊ.